जहाज बंदराला लागतं तेव्हा: पहिल्यांदा क्रूझवर निघालेल्यांसाठी

क्रूझचं बुकिंग करताना सगळं लक्ष जहाजावर असतं. केबिनला बाल्कनी मिळेल का, जेवण कसं असेल, रात्री कोणते कार्यक्रम असतील. बंदरांची यादी मात्र आपण नुसती नजरेखालून घालतो: रोम, फ्लोरेन्स, सँटोरिनी, झालं. मग प्रत्यक्ष तो दिवस उजाडतो आणि लक्षात येतं, रोमसाठी हातात जेमतेम पाच तास आहेत आणि त्यातला एक रांगेत जाणार आहे.

एरवीच्या प्रवासात आज राहिलं ते उद्या बघता येतं. बंदरावर ती सोय नसते, कारण संध्याकाळी जहाज निघतंच. म्हणून माझं मत ठाम आहे. एका बंदरात एकच मोठी गोष्ट ठरवा, ती मनसोक्त बघा आणि उरलेला वेळ मोकळा ठेवा. चार ठिकाणं धावत बघून आलेल्या माणसाला महिन्याभराने त्यातलं एकही धड आठवत नाही. खाली जे सांगतोय ते या एका गोष्टीसाठी वेळ कसा काढायचा, याबद्दलच आहे.

आधी नकाशा उघडा

क्रूझ कंपनीच्या कार्यक्रमात शहराचं नाव मोठं छापलेलं असतं, पण जहाज लागतं ते त्या शहराच्या जवळच्या बंदराला. आणि हे ‘जवळ’ फार फसवं आहे. रोमचं बंदर चिव्हिताव्हेक्किया, रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटर. फ्लोरेन्स आणि पिसासाठी जहाज लिव्होर्नोला थांबतं. तिथून पिसा जवळ आहे, फ्लोरेन्स मात्र नव्वद किलोमीटरच्या आसपास. पॅरिस म्हणून लिहिलेलं असतं ते ल हाव्र, म्हणजे जवळजवळ दोनशे किलोमीटर. बर्लिनसाठी वार्नेम्युंड, एका बाजूचाच प्रवास तीन तासांचा. बँकॉकच्या नावाखाली बऱ्याचदा लाएम चाबांग असतं आणि तिथून शहर गाठायला ट्रॅफिकवर भरवसा ठेवावा लागतो.

व्हेनिसची गोष्ट तर मुद्दाम तपासाच. 1 ऑगस्ट 2021 पासून मोठ्या जहाजांना सेंट मार्क चौकासमोरून आणि जुदेक्का कालव्यातून जायला बंदी आहे. त्यामुळे ‘व्हेनिस’ लिहिलेली कित्येक जहाजं आता मार्गेरा, किओज्जा, त्रिएस्ते किंवा राव्हेन्नाला लागतात. राव्हेन्ना ते व्हेनिस बसने दोन तासांच्या वर लागतात. राव्हेन्नाची पाचव्या-सहाव्या शतकातली मोझेक चित्रं इतकी सुंदर आहेत, की त्या दिवशी व्हेनिसचा हट्ट सोडून तिथेच थांबण्यात मला जास्त शहाणपणा वाटतो.

याउलट काही बंदरांत जहाजातून पाय खाली ठेवला की शहर सुरू होतं. माल्टाचं व्हॅलेटा, ग्रीसचं ऱ्होड्स, नॉर्वेचं बर्गन, मॉन्टेनेग्रोचं कोटोर. अशा ठिकाणी सहल विकत घेण्याची गरजच नसते. व्हॅलेटात धक्क्यावरून जुन्या शहराच्या तटावर नेणारी 58 मीटर उंचीची लिफ्ट आहे. ती वर सोडते ती थेट अप्पर बराक्का बागेत, जिथून सगळं ग्रँड हार्बर आणि आपलं जहाज खाली दिसतं. तिथून थोडं चाललं की सेंट जॉन्स को-कॅथेड्रल आणि आत काराव्हाज्जोचं 1608 मधलं भलंमोठं चित्र, सेंट जॉनच्या शिरच्छेदाचं. चित्रकाराने सही केलेलं हे त्याचं एकमेव चित्र, आणि सही कुठे, तर सांडलेल्या रक्तात. त्याच्यासमोर अर्धा तास उभं राहता आलं तर व्हॅलेटाचा दिवस सार्थकी लागला.

नकाशा बघताना वारही बघून घ्या. हे कॅथेड्रल रविवारी पर्यटकांसाठी बंद असतं. व्हॅटिकन म्युझियम महिन्यातला शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद. इस्तंबूलचा तोपकापी राजवाडा मंगळवारी बंद, ग्रँड बाजार रविवारी. आपलं जहाज कोणत्या वारी कुठे पोचतंय, हे तिकीट काढायच्या आधी कळू शकतं आणि त्यावरून दोन क्रूझमधली एक निवडताही येते.

त्या दिवशी बंदरात आणखी किती जहाजं येणार, तेही पाहा. बंदरांची वेळापत्रकं इंटरनेटवर सहज मिळतात. गर्दी इतकी वाढली आहे की डुब्रोव्हनिकने 2019 मध्ये क्रूझ कंपन्यांशी करार करून एका वेळी दोनच जहाजांची मर्यादा आणली आणि अलास्कातल्या जुनोने 2024 पासून दिवसाला पाच मोठ्या जहाजांची. चार जहाजांचा दिवस असेल तर प्रसिद्ध ठिकाण सकाळी सर्वांत आधी गाठा, नाहीतर सरळ शहराच्या दुसऱ्या टोकाला जा.

खरे तास मोजा

कार्यक्रमात ‘सकाळी 7 ते संध्याकाळी 7’ असं लिहिलेलं असतं. हे बारा तास तुमचे नाहीत. जहाज धक्क्याला लागल्यावर स्थानिक अधिकाऱ्यांची मंजुरी येते, मग गँगवे, म्हणजे उतरायचा जिना, उघडतो. सुटायच्या अर्धा तास आधी, काही जहाजांवर एक तास आधी, सर्वांनी परत आत असावं लागतं. या वेळेला ‘ऑल अबोर्ड’ म्हणतात आणि तुमच्या हिशेबाची सुरुवात तिच्यापासून उलट्या दिशेने करायची.

रोमचंच उदाहरण घेऊ. ऑल अबोर्ड साडेसहा. आपण स्वतः जात असू तर बंदरावर पाचला परत यायचं ठरवू, म्हणजे ट्रेन चुकली तरी पुढची मिळते. सकाळी पावणेआठला बाहेर पडलो. धक्क्यावरून बंदराच्या फाटकापर्यंत शटल बस, तिथून स्टेशन, मग ट्रेन, रोममध्ये उतरून पुन्हा मेट्रो, असे एका बाजूचे दोन तास धरा. राहिले सव्वापाच तास. यात कलोसियम आणि शेजारचं रोमन फोरम निवांत होतं. किंवा व्हॅटिकन होतं. दोन्ही होत नाही. वेळ ठरवून काढलेलं तिकीट आधी हातात नसेल तर यातलं एकही धड होत नाही.

अशा दिवसाचा क्रमही लक्षात ठेवा: आधी लांबचं, मग जवळचं. सकाळच्या ताज्या वेळात सर्वांत दूरच्या ठिकाणी जायचं आणि दिवस संपत येईल तसं बंदराकडे सरकत यायचं. शेवटचा तास धक्क्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर गेला पाहिजे.

काही बंदरं मुळात जेमतेम वेळासाठीच असतात. सिएटलहून सुटून सिएटललाच परतणाऱ्या अलास्काच्या सफरी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला संध्याकाळी काही तास थांबतात. याला कारण अमेरिकेचा 1886 चा एक कायदा. परदेशी नोंदणीच्या जहाजाला मध्ये परदेशी बंदर न घेता फक्त अमेरिकी बंदरांमध्ये प्रवासी फिरवता येत नाहीत. अशा थांब्यात बंदरालगत पाय मोकळे करून यावं, मोठे बेत आखू नयेत.

जहाजाची सहल घ्यायची की आपली आपण जायचं?

नवख्या माणसाचा सगळ्यात मोठा प्रश्न हाच, आणि त्याचं उत्तर बंदरागणिक बदलतं.

जहाजाकडून घेतलेल्या सहलीला ‘शोअर एक्स्कर्शन’ म्हणतात. ती महाग असते, बसमध्ये चाळीस-पन्नास माणसं असतात, आणि एखाद्या दुकानापाशी नको तितका वेळ थांबणं होतं. पण तिचे दोन फायदे मोठे आहेत. बस अडकली तर जहाज सहसा थांबतं, किंवा तुम्हाला पुढच्या बंदरापर्यंत पोचवायची जबाबदारी कंपनी घेते. आणि हवामानामुळे ते बंदरच रद्द झालं तर सहलीचे पैसे परत मिळतात. बाहेरच्या एजन्सीकडून सहल घेत असाल तर बंदर रद्द झाल्यास पैसे परत देणार का, हे लेखी विचारा. गोलमोल उत्तर आलं तर दुसरी बघा.

माझा साधा नियम असा आहे. ठिकाण बंदरापासून तासाभराहून लांब असेल, किंवा रस्ता एकच असेल, तर जहाजाची सहल. अर्ध्या-पाऊण तासाच्या आत असेल आणि बस-ट्रेन वारंवार असतील, तर आपलं आपण. नेपल्सहून पॉम्पेईला लोकल ट्रेनने पाऊण तासाच्या आत पोचता येतं आणि इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेलं ते शहर हवा तितका वेळ काढून बघता येतं. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून मेट्रो आहे. या दोन्ही ठिकाणी बसभर माणसांबरोबर झेंड्यामागे फिरण्यात मला काही अर्थ वाटत नाही.

तिसरा मार्ग मधला आहे. चार-सहा जणांनी मिळून स्थानिक गाईड आणि गाडी ठरवायची. वयस्कर आईवडील किंवा लहान मुलं बरोबर असतील तर हाच सर्वांत सुखाचा, कारण थांबायचं कुठे आणि निघायचं कधी हे तुमच्या हातात राहतं. गाईडला पहिल्याच निरोपात जहाजाचं नाव, तारीख आणि ऑल अबोर्डची वेळ कळवा. तुर्कस्तानातल्या कुशादासीहून इफिसस हे प्राचीन शहर वीसेक किलोमीटरवर आहे. तिथे वरच्या फाटकाशी उतरवून खालच्या फाटकाशी घ्यायला यायला सांगा. म्हणजे सगळी वाट उताराची होते, सेल्ससच्या ग्रंथालयाचा दर्शनी भाग उतरता उतरता समोर येतो, आणि गुडघे दुखणाऱ्यांनाही ते शहर बघता येतं. नाहीतर तेच अंतर उन्हात दोनदा चालायचं.

काही सहली महिनोन् महिने आधी भरतात. अलास्कातल्या स्कॅगवेची व्हाइट पास रेल्वे त्यातली एक. सोन्याच्या शोधात निघालेल्यांसाठी 1898 ते 1900 या काळात डोंगर फोडून बांधलेली ही नॅरोगेज गाडी सुमारे 32 किलोमीटरमध्ये जवळपास 870 मीटर चढते आणि प्रवाशांना घ्यायला चक्क धक्क्यापर्यंत येते. नॉर्वेतल्या फ्लोमची रेल्वेही तशीच, समुद्रसपाटीवरून वीस किलोमीटरमध्ये 866 मीटरवर. हा अनुभव हवा असेल तर क्रूझचं बुकिंग झालं की लगेच याचं करा.

हेलिकॉप्टर, डायव्हिंग, झिपलाइन असलं काही घेत असाल तर प्रवास विम्यात ते बसतं का, तेवढं वाचून घ्या.

टेंडर म्हणजे काय

बंदर उथळ किंवा लहान असलं की जहाज खोल पाण्यात नांगर टाकून उभं राहतं आणि प्रवाशांना छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात. या बोटी म्हणजे टेंडर, बऱ्याचदा जहाजाच्याच लाइफबोटी. बंदर टेंडरचं आहे का, हे कार्यक्रमात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ तीन गोष्टी: उतरायला वेळ जास्त लागतो, परत येताना पुन्हा रांग असते, आणि समुद्र खवळला तर ते बंदरच रद्द होऊ शकतं. व्हीलचेअर वापरणाऱ्यांनी आधीच विचारावं, कारण लाटांवर हलणाऱ्या बोटीत चढवणं प्रत्येक वेळी शक्य होत नाही.

टेंडरसाठी नंबर मिळतात. सकाळी लवकर घेतला तर लवकर सुटका. जहाजाची सहल घेतलेल्यांना बहुतेक वेळा पहिल्या बोटी मिळतात, हाही एक्स्कर्शनचा एक छुपा फायदा.

सँटोरिनीत याचा कस लागतो. टेंडर तुम्हाला फिरा नावाच्या गावाच्या पायथ्याशी जुन्या बंदरावर सोडते आणि गाव सरळ डोक्यावर, कड्याच्या टोकाला असतं. वर जायला केबल कार, सहाशेच्या आसपास पायऱ्या किंवा गाढवं. गाढवांवर बसू नका असं मी मनापासून सांगेन. उन्हात दिवसभर त्यांच्या चाललेल्या फेऱ्या बघवत नाहीत. खरी अडचण उतरतानाची असते. दुपारी सगळ्या जहाजांचे लोक एकाच वेळी केबल कारकडे वळतात आणि रांग गल्लीत लांबवर जाते. गुडघे चांगले असतील तर पायऱ्यांनी उतरा, पण तळव्याला पकड असलेले बूट हवेत, कारण त्याच पायऱ्यांवरून गाढवं जातात आणि दगड झिजून गुळगुळीत झालेत. एरवी ऑल अबोर्डच्या दोन तास आधी रांगेत उभे राहा.

काही बंदरांत सहल पहाटेच सुरू होते

याबद्दल कुणी सांगत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. काही ठिकाणी जहाजाचं बंदरात शिरणं हेच पाहण्यासारखं असतं, आणि बहुतेक प्रवासी तेव्हा झोपलेले किंवा नाश्त्याच्या रांगेत असतात.

कोटोरला जाताना जहाज समुद्रातून एका वळणावळणाच्या आखातात शिरतं. दोन्ही बाजूंनी करडे, उघडे डोंगर जवळ येत जातात. व्हेरिगेच्या चिंचोळ्या भागात पाणी इतकं अरुंद होतं की काठावरच्या घरांच्या खिडक्यांतले पडदे ओळखू येतात. पुढे पेरास्ट गावासमोर दोन छोटी बेटं दिसतात. एकावर सुरूसारखी उंच झाडं आणि मठ, दुसऱ्यावर निळ्या घुमटाचं चर्च. हे दुसरं बेट माणसांनी घडवलेलं आहे. पंधराव्या शतकापासून तिथल्या खलाशांनी एकेक दगड टाकत, जुनी जहाजं बुडवत ते उभं केलं, आणि अजूनही दरवर्षी 22 जुलैला गावकरी बोटींतून जाऊन तिथे दगड टाकतात. वरच्या डेकवर उभं राहिलं तर हे सगळं डाव्या-उजव्या हाताला सरकत जातं. आदल्या संध्याकाळी जहाजावर आत शिरण्याची वेळ विचारून ठेवा, त्याआधी अर्धा तास वर जा, आणि अंगावर काहीतरी गरम घ्या, कारण चालत्या जहाजावर उन्हाळ्यातही वारा झोंबतो.

मग कोटोरमध्ये उतरल्यावर करायचं एकच: तटबंदी चढायची. साधारण 1350 पायऱ्या आहेत, आणि सावली नाही. उन्हाळ्यात नऊच्या आत चढायला लागा. पूर्ण जमणार नसेल तर अर्ध्या वाटेवरच्या छोट्या चर्चपर्यंत जा, तिथूनही लाल कौलांचं गाव आणि आखात छान दिसतं. नॉर्वेतल्या गैरांगर फ्योर्डला जाताना, सिडनीला पोचतानाही असंच लवकर उठा.

घड्याळ, फोन आणि पिशवी

जहाजाची वेळ आणि किनाऱ्यावरची वेळ नेहमी एक नसते. याची सर्वांत प्रसिद्ध फसगत मेक्सिकोच्या कोझुमेलमध्ये होते. फ्लोरिडाहून निघालेली बरीच जहाजं आपली मूळ वेळ बदलत नाहीत, आणि उन्हाळ्यात कोझुमेलचं घड्याळ तिच्यापेक्षा एक तास मागे असतं. फोन किनाऱ्यावरचा टॉवर पकडून आपोआप बदलतो. त्यावर साडेतीन दिसतात तेव्हा जहाजावर साडेचार वाजलेले असतात. म्हणून मनगटावर एक साधं घड्याळ ठेवा, ते जहाजाच्या वेळेला लावा आणि दिवसभर तेच बघा.

रोज रात्री केबिनमध्ये किंवा ॲपवर दुसऱ्या दिवसाचं पत्रक येतं. त्यात ऑल अबोर्डची वेळ, धक्क्याचं नाव आणि पोर्ट एजंटचा, म्हणजे त्या बंदरातल्या जहाज कंपनीच्या प्रतिनिधीचा, फोन नंबर असतो. त्या पानाचा फोटो काढा आणि बरोबरच्या सगळ्यांना पाठवा. शहराचा नकाशा जहाजाच्या वायफायवर आधीच डाउनलोड करून ठेवा.

पिशवीत जहाजाचं की-कार्ड, फोटो असलेलं ओळखपत्र, पासपोर्टची प्रत, पाणी, टोपी, नेहमीची औषधं, पॉवर बँक आणि थोडी स्थानिक रोकड. मूळ पासपोर्ट नेणं कुठे सक्तीचं आहे ते पत्रकात सांगितलेलं असतं. चर्च किंवा मशीद बघायची असेल तर खांदे-गुडघे झाकतील असे कपडे. जहाजावरची फळं, सँडविच खाली नेऊ नका. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये याबद्दल जागच्या जागी दंड होतो. परतताना घेतलेली दारू जहाजावर बऱ्याचदा ठेवून घेतात आणि शेवटच्या रात्री देतात.

व्हिसाचं एकच सांगतो, पण ते महत्त्वाचं. शेंगेन देशातून (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांपैकी एकातून) निघून मध्ये तुर्कस्तान किंवा मॉन्टेनेग्रोला थांबून पुन्हा शेंगेनमध्ये येणार असाल तर व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच हवा. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे त्याबद्दलची जुनी माहिती वाचून गोंधळू नका.

सगळीकडे उतरलंच पाहिजे असं नाही

सात दिवसांत पाच बंदरं असली तर चौथ्या दिवशी पाय बोलायला लागतात. एखाद्या बंदरात जहाजावरच राहा किंवा फक्त धक्क्याजवळ चक्कर मारून या. कोणतं बंदर सोडायचं हे घरूनच ठरवलं तर रुखरुख राहत नाही.

जहाज सुटलंच तर

आधी पोर्ट एजंटला फोन करा. उशीर होणार असं दिसायला लागलं की लगेच करा, धक्का रिकामा दिसेपर्यंत थांबू नका. जहाजाला निरोप मिळाला तर काही वेळा दहा-पंधरा मिनिटं मिळून जातात, पण आपलं आपण फिरायला गेलेल्यांसाठी कप्तानावर थांबायचं बंधन नसतं. तुम्ही आला नाहीत असं दिसलं की बऱ्याच जहाजांवर कर्मचारी केबिनच्या तिजोरीत पासपोर्ट आहे का बघतात आणि तो एजंटकडे देऊन निघतात. म्हणून पासपोर्ट सुटकेसच्या तळाशी न ठेवता तिजोरीतच ठेवा.

पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च तुमचा. ते बंदर दुसऱ्या देशात असेल तर विमान आणि व्हिसा दोन्ही बघावं लागतं. जुनोसारख्या ठिकाणी बाहेर जायला रस्ताच नाही, तिथून निघायचं तर विमान किंवा फेरी बोट. एजंट हॉटेल आणि तिकिटाची व्यवस्था करून देतो, पैसे तुम्ही भरायचे. त्यामुळे एक क्रेडिट कार्ड कायम अंगावर असू द्या, आणि विमा काढताना बंदरावर जहाज चुकल्यास भरपाई मिळते का हे विचारा. सगळ्या पॉलिसींमध्ये ती नसते.